महल

महल : (१९४९). मालाड (मुंबई) येथील बॉम्बे टॉकीज या संस्थेचा हिंदी रहस्यपट. कमाल अमरोही यांचे दिग्दर्शक म्हणून हे पहिलेच काम असून अशोककुमार व मधुबाला यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. अलाहाबादच्या ‘संगम भवन’ या ओस वाड्यात राहावयास आलेल्या हरिशंकरला तेथील मृत मालकाची तसबीर हुबेहूब आपल्यासारखी असल्याचे आढळते आणि त्या मालकाची प्रेयसी कामिनी गात गात दिसू लागल्याने गतजन्मी तो मालक आपणच होतो, या समजुतीत तो गुरफटत जातो. कामिनी म्हणजे वस्तुतः माळ्याची मुलगी आशा आहे, हे उघड होईपर्यंत त्याच्या संसाराची वाताहत झालेली असते.

भुताची सारी दहशत भोगू द्यावी आणि अखेरीस तिचा बुद्धीला पटेल असा उलगडा करावा, ही मांडणी हिंदी चित्रपटात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने महलकडे जाते. बीस साल बाद (१९६२) या चित्रपटाचे कथानक कॉनन डॉइल यांच्या कादंबरीवर बेतलेले असले, तरी रात्री गात फिरणारी स्त्री त्या कादंबरीत नाही. ती महलचीच वारसदार म्हणावी लागते. महलचे संकलक बिमल रॉय यांनी मधुमती (१९५८) दिग्दर्शित करताना हा डाव उलटा फिरविला : तेथे पुनर्जन्म खरा ठरतो आणि भुताचे सोंग घेणारी स्त्री पोहोचण्यापूर्वीच खरे भूत येऊन जाते. योसेफ विर्शिंग या महलच्या जर्मन छायालेखकाची अंधारात मोजकाच उजेड पेरण्याची रीतही अनुकरणीय ठरली. अमरोहींच्या पाकीझासाठीही (१९७२) त्यांनीच छायालेखन केले.

सर्वांत खोल ठसा मात्र आवाजाचा आहे. खेमचंद प्रकाश यांच्या चालीतील कामिनीचे गीत दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा, म्हणून लता मंगेशकर गात गात ध्वनिक्षेपकाकडे चालत आल्या. ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून, तेव्हाच्या प्रथेनुसार, पात्राचेच नाव (‘कामिनी’) छापलेले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केल्यावर खरे नाव जाहीर झाले. पुढे मधुमती, बीस साल बाद आणि वह कौन थी? (१९६४) यांतील गूढ नायिकांनाही लताबाईंचाच आवाज मिळाला, व पहिल्या दोहोंतील गीतांनी त्यांना फिल्मफेअर पारितोषिके मिळवून दिली.