मिक्सर जळाला म्हणून ‘सुमीत’ आला

आजचा विषय घरोघरी वाद लावणारा आहे. बिघडलेली वस्तू दुरुस्त करायची की सरळ नवी आणायची? त्यासाठी आपण आधी १९६०च्या दशकातल्या मुंबईत जाऊया.

सत्यप्रकाश माथुर हे सिमेन्समध्ये काम करणारे इंजिनीअर. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडे ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर होता. युरोपातल्या हलक्या कामासाठी तो ठीक होता. पण आपल्याकडे भांड्यात काय पडतं? भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, अख्खे मसाले. ओझं वाढलं की मोटर मंदावते, जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि शेवटी जळतं. इथेही मोटर जळाली, आणि भारतात त्या कंपनीची दुरुस्तीची सोय नव्हती. बरं, नवा आणावा तर तो काळ आयातीवरच्या कडक निर्बंधांचा. आणि समजा आणला असता, तरी तोही याच डाळीपुढे हरला असता!

माथुरांनी मग भारतीय वाटणाला पुरेल अशा दमाची मोटर बनवायचं ठरवलं. १९६३ साली मुंबईत कंपनी उभी राहिली आणि ‘सुमीत’ मिक्सर घराघरांत पोचला. पुढे तर परदेशी निघालेल्यांच्या बॅगेतही तो दिसू लागला.

मला या गोष्टीत शोधापेक्षा दुसरंच काहीतरी महत्त्वाचं वाटतं. दुरुस्ती की नवी खरेदी, हा निर्णय आपल्याला आपला वाटतो. पण त्यातला अर्धा निर्णय वस्तू डिझाइन होते तेव्हाच झालेला असतो. साध्या मिक्सरचं कपलर बघा. जार अडकला की आधी ते झिजतं किंवा तुटतं, मोटर वाचते. कपलर स्वस्तात बदलता येतं. खालचं ओव्हरलोडचं बटणही त्यासाठीच असतं. बिघाड कुठे व्हावा, याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवलाय. याउलट सगळं एकाच सीलबंद सर्किट बोर्डवर असेल आणि तो बोर्ड मिळतच नसेल, तर कितीही हुशार कारागीर काय करणार?

म्हणूनच आता कायद्याची भाषा सुरू झालीये. युरोपीय संघात मार्च २०२१पासून नव्या नियमांनुसार फ्रिजचे ठरावीक सुटे भाग किमान ७ वर्षं आणि वॉशिंग मशीनचे १० वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं.

मग दुरुस्ती नेहमीच बरोबर का? नाही. ५०० वॅटचा मिक्सर रोज १५ मिनिटं चालवला तर महिन्याला ४ युनिटसुद्धा वीज लागत नाही. नवा घेऊन बिलात काय वाचणार? तो दुरुस्तच करावा. फ्रिज मात्र चोवीस तास जोडलेला असतो. तो फार जुना, वीजखाऊ असेल आणि त्यात कॉम्प्रेसर गेला असेल, तर नव्याचा हिशोब जरूर मांडावा.

आणि नवं घेताना दुकानदाराला किंमत विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा: “याचे पार्ट्स किती वर्षं मिळतील?” निर्णयाचा आपल्या हातातला अर्धा भाग तिथेच सुरू होतो.

भेटू पुढच्या भागात!