राज्याविना राजघराणे

‘कवडीमोल’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. परंतु कवडी हे एके काळी खरेखुरे नाणे होते, आणि हे नाणे मुख्यत्वे मालदीव बेटांवरून येत असे. तेथील समुद्रात वेचलेल्या कवड्या गलबतांतून बंगालपर्यंत जात व बाजारात चलन म्हणून चालत. त्याच बेटांवरील नारळाच्या काथ्याचे दोर हिंदी महासागरातील जहाजांना लागत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांची दृष्टी मालदीवकडे वळली ती या व्यापारामुळे. या व्यापाराच्या ओघात त्या बेटांचा एक राजा ख्रिस्ती झाला आणि त्याचे वंशज पुढे गोव्यात राहिले. ही हकीकत आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानी आली असेल. ती सांगावीशी वाटते, कारण तिच्यात आपल्या ठाणे-साष्टीच्या ख्रिस्ती घराण्यांनी विचार करावा असे काही आहे.

परंपरेनुसार मालदीवने इ. स. 1153 मध्ये इस्लामचा स्वीकार केला. तेथील हिलाली घराण्यातील हसन, या नावाचा नववा सुलतान, 1550 साली गादीवर आला. दोन वर्षेही पुरती झाली नाहीत तोच तो राज्य सोडून कोचीनला आला आणि 1 जानेवारी 1552 रोजी येशूसंघीय फादर अंतोनियो द हेरेदिया यांच्या हस्ते त्याने स्नानसंस्कार घेतला. सुलतान हसनचा दों मानुएल झाला. त्याच महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर जपानहून परतताना कोचीनच्या बंदरात उतरले होते. अशा त्या मंतरलेल्या दिवसांत एक अख्खे राज्य ख्रिस्ताच्या पायाशी येणार, असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

घडले ते निराळेच. आपल्यामागून प्रजाही येईल ही राजाची अपेक्षा फोल ठरली. मालदीवच्या प्रमुखांनी दुसरा सुलतान गादीवर बसवला. मग जे कार्य शब्दाने झाले नाही ते तलवारीवर सोपविण्यात आले. 1558 साली पोर्तुगीज आरमार माले बेटावर चालून गेले. सुलतान अली सहावा लढता लढता पडला आणि दों मानुएलच्या नावाने आंद्रेयास आंद्रे हा अधिकारी कारभार पाहू लागला. मालदीवचे लोक आजही त्याला ‘अंदिरी अंदिरीन’ म्हणून ओळखतात, आणि ते नाव प्रेमाने घेत नाहीत. पंधरा वर्षांनी, 1573 मध्ये, उथीमू बेटाच्या मुहम्मद ठाकुरुफानू याने आपल्या भावांच्या साह्याने ही सत्ता उलथून टाकली. तो दिवस मालदीवमध्ये आजही राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. राजाच्या नावाने आणि बंदुकीच्या जोरावर जो धर्म गेला, तो परचक्र म्हणूनच लोकांच्या स्मरणात राहिला.

स्वतः दों मानुएलच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचा आम्हाला अधिकार नाही. त्याने राज्य गमावले, मायभूमी गमावली. पण घेतलेला धर्म सोडून गादी परत मिळविण्याची वाट त्याने धरली नाही. पोर्तुगीज कुळातील स्त्रीशी विवाह करून तो संसारी झाला आणि 1583 साली परमुलखातच निवर्तला. त्याच्यामागून मुलगा दों जुआंव आणि नातू दों फिलीप यांनी ‘मालदीवचा राजा’ ही पदवी चालविली. तडजोडीने ठरलेली खंडणी बेटांवरून या घराण्याकडे येत असे. 1602 मध्ये मालदीवजवळ जहाज फुटून पाच वर्षे तेथे अडकलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल पुढे गोव्यात आला. या निर्वासित राजघराण्याची वार्ता त्याने आपल्या वृत्तांतात नोंदवून ठेवली आहे. मुकुट होता, मानमरातब होता. नव्हती ती फक्त प्रजा. सतराव्या शतकाच्या मध्यास हे घराणे इतिहासातून नाहीसे झाले.

याच्या उलट एक उदाहरण दूरच्या प्रशांत महासागरातील आहे. पॉलिनेशियातील फुतुना बेटावर फादर पीटर शानेल एकटेदुकटे, सैन्यावाचून सेवा करीत होते. राजा निउलिकी याचा मुलगा मेइताला ख्रिस्ती होऊ इच्छितो हे कळताच राजाचा क्रोध अनावर झाला आणि 28 एप्रिल 1841 रोजी फादरांची हत्या झाली. परंतु थोड्याच वर्षांत सारे बेट कॅथलिक झाले. एकीकडे राजा ख्रिस्ती झाला आणि प्रजा दुरावली. दुसरीकडे राजा वैरी ठरला आणि प्रजेने श्रद्धा उचलून धरली.

आता आपल्याकडे पाहू. 1534 च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे आली. दों मानुएलच्या काळातच आपल्या अनेक पूर्वजांचा स्नानसंस्कार झाला. त्या इतिहासातही सक्ती, आमिष आणि देवळांची मोडतोड आहे; ते झाकून ठेवणे आम्हाला सत्याशी प्रतारणा वाटते. परंतु 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, 1739 मध्ये वसई पडली. तोफा गेल्या, अधिकारी गेले, युरोपीय संन्यासीही गेले. सत्तेबरोबर श्रद्धाही जायची असती, तर ती त्याच वर्षी गेली असती. ती राहिली, कारण देशी धर्मगुरूंनी गावोगावची चर्चेस सांभाळली आणि घरोघरच्या आजींनी दिवेलागणीला जपमाळ सोडली नाही. ती आपल्याच बोलीत, आपल्याच ओट्यावर रुजली होती.

आज ठाण्याच्या तलावपाळीजवळील संत जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये किंवा कल्याण-डोंबिवलीच्या धर्मग्रामांत पवित्र मिस्साला जावे, तर वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे आणि केरळचे लोक एका बाकावर दिसतात. 1988 मध्ये कल्याण येथे सिरो-मलबार बांधवांसाठी स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. ज्या कोचीनला एक राजा ख्रिस्ती झाला, त्या किनाऱ्याची माणसे आज आपली शेजारी आहेत. यांपैकी कोणाच्याही घरी मुकुट नाही.

दों मानुएलने आपल्या मुलानातवांना राजपद दिले, पण ज्यांच्यावर राज्य करावे अशी माणसे देता आली नाहीत. आपल्या पूर्वजांपाशी वारशाने देण्यासारखे राज्य नव्हते. त्यांनी प्रार्थना दिली. ती पुढच्या पिढीच्या हाती कशी द्यायची, हा प्रश्न मात्र कोणा राजाने सोडवायचा नाही. तो आपल्या घरातच सुटला पाहिजे.