एका तिकिटाची राहिलेली गोष्ट

चार दिवस पावसाने घराबाहेर पडू दिले नाही, म्हणून माळ्यावरचा तिकिटांचा जुना आल्बम खाली काढला. शाळेत मी छंदवर्ग घ्यायचो, तेव्हाचा हा. नात शेजारी येऊन बसली आणि तिने नेमके बोट ठेवले ते बेल्जियमच्या १९७३ सालच्या तिकिटावर. त्यावर अ‍ॅडॉल्फ सॅक्स आहे आणि त्याने शोधून काढलेले वाद्य, सॅक्सोफोन.

हे तिकीट मी वर्गात कितीतरी वेळा दाखवले आहे. गोष्टही ठरलेली. सॅक्स १८१४ साली म्यूझ नदीकाठच्या दिनां गावी जन्मला. बेल्जियम स्वतंत्र देश झाला १८३० मध्ये, म्हणजे मुलगा देशापेक्षा सोळा वर्षांनी मोठा! वडील वाद्ये बनवायचे, तेच याच्या हातात आले. लष्करी बँडमध्ये पितळी वाद्ये दणदणीत वाजत आणि लाकडी वाद्यांचा आवाज त्यात बुडून जाई. सॅक्सने पितळेच्या, खाली रुंद होत जाणाऱ्या नळीला क्लॅरिनेटसारखी एका पट्टीची जिव्हाळी बसवली. दोन्हींच्या मधला आवाज मिळाला. म्हणून अंग पितळेचे असूनही सॅक्सोफोन लाकडी सुषिर वाद्यांच्या घराण्यात मोडतो. या प्रश्नाला वर्गातली हुशार मुलेही हमखास चुकायची. पुढे सॅक्स पॅरिसला गेला, संगीतकार बर्लिओझने १८४२ मध्ये वर्तमानपत्रात त्याची स्तुती केली, २८ जून १८४६ रोजी पेटंट मिळाले. "बघा, कष्टाचे चीज होते," असे मी म्हणायचो आणि तासाची घंटा व्हायची.

नातीने मात्र विचारले, "आजोबा, मग तो खूप श्रीमंत झाला असेल ना?"

इथे माझी पंचाईत झाली. कारण पुढचा भाग मी वर्गात कधी सांगितलाच नव्हता. पॅरिसचे इतर वाद्यकार एकत्र आले आणि त्यांनी पेटंट रद्द व्हावे म्हणून त्याला कोर्टात खेचले. खटले वर्षानुवर्षे चालले. १८५२, १८७३ आणि १८७७ असे तीनदा त्याचे दिवाळे निघाले. पेटंटची मुदत १८६६ मध्ये संपली आणि कोणीही सॅक्सोफोन बनवू लागले. आयुष्यभर जमवलेल्या वाद्यांचा संग्रह १८७७ मध्ये लिलावात गेला. १८९४ साली पॅरिसमध्ये तो वारला, तो गरिबीतच.

आणि गंमत अशी, की १९९० च्या दशकात बेल्जियमने याच माणसाला दोनशे फ्रँकच्या नोटेवर छापले! २००२ मध्ये युरो आल्यावर ती नोटही चलनातून गेली.

आमची पिढी मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन हिंदी चित्रपटगीतांत ऐकत वाढली. त्या वाद्याच्या नावात एका माणसाचे आडनाव आहे, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

नात थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तो गेल्यावर तिकीट काढून त्याला काय मिळालं?"

मला उत्तर देता आले नाही. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण गोड वाटेल तिथेच थांबायची खोड लागली होती. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्या तासाची राहिलेली गोष्ट आज पुरी झाली असे समजावे.