मिडलँडची शाळा आणि घरातला बिनपगारी शिक्षक

पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिम टोकाला, ओहायो नदीच्या काठी मिडलँड नावाचे छोटे गाव आहे. तिथला क्रूसिबल पोलाद कारखाना 1982 साली बंद पडला. लोक गाव सोडून जाऊ लागले, करांचे उत्पन्न आटले आणि त्याच दशकात गावाचे हायस्कूलही बंद झाले. नववीपासूनची मुले कुठे पाठवायची, याची टिकाऊ सोय शेजारपाजारच्या शाळांत लागेना. पुढे काही वर्षे ती राज्याची हद्द ओलांडून ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूल गावी जात होती. याच मिडलँडमध्ये 2000 साली, शिक्षणाधिकारी निक ट्रॉम्बेटा यांच्या पुढाकाराने इंटरनेटवरून शिकवणारी सरकारी खर्चाची शाळा उभी राहिली. आज ती ‘पीए सायबर’ या नावाने ओळखली जाते. घरी बसून सरकारी शाळेत शिकण्याची ही पद्धत होमस्कूलिंगच्या चळवळीतून निघाली असे मानले जाते. मिडलँडचा इतिहास पाहिला तर तिचे मूळ गावाने गमावलेल्या शाळेत आणि मुलामागून पैसा जाऊ देणाऱ्या कायद्यात दिसते. होमस्कूलिंगकडून तिने एकच गोष्ट घेतली, ती म्हणजे घरात बसून लक्ष देणारे मोठे माणूस. त्या माणसाला हिशेबात धरायचे मात्र राहून गेले, आणि या शाळांचे पुढचे बहुतेक दुखणे मला तिथूनच सुरू झालेले दिसते.

दोन कायदे शेजारी ठेवले की फरक कळतो. पेन्सिल्व्हेनियाने 1988 साली होमस्कूलिंगला रीतसर मान्यता दिली, तेव्हा शिकवणारा पालक हाच त्या कायद्याचा कणा होता. तो स्वतः हायस्कूल उत्तीर्ण हवा, त्याने दरवर्षी प्रतिज्ञापत्र द्यावे, मुलाच्या कामाचे बाड जपावे, बाहेरच्या परीक्षकाकडून ते तपासून घ्यावे. हायस्कूलच्या वयाच्या मुलासाठी वर्षाला 180 दिवस किंवा 990 तास शिक्षणाची अट होती. जबाबदारी सगळी पालकाची आणि सरकारकडून पैसा नाही. सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळांचा 1997 चा कायदा नेमका उलटा. मूल ज्या शिक्षण जिल्ह्यात राहते त्या जिल्ह्याने त्याच्या नावचे पैसे चार्टर शाळेला द्यायचे. सायबर शाळांनी याच वाटेने प्रवेश केला, आणि 2002 साली त्यांना परवाना देण्याचे अधिकार राज्याच्या शिक्षण खात्याकडे आले. सायबर शाळेतले मूल कायद्याने सरकारी शाळेचे विद्यार्थी ठरते. त्याला संगणक मिळतो, प्रमाणित शिक्षक मिळतात, राज्याच्या परीक्षा लागू होतात. पण दिवसभर त्याच्या शेजारी कोण आहे, हा प्रश्न हिशेबातून गळाला.

हा प्रश्न किती मोठा होता ते 2015 साली देशभरातल्या ऑनलाइन चार्टर शाळांच्या अभ्यासातून कळले. मॅथमॅटिका या संशोधन संस्थेला असे आढळले की, अशा शाळेत मुलाला शिक्षकासोबत थेट जितका वेळ आठवड्याभरात मिळतो, त्याहून जास्त वेळ साध्या शाळेत एका दिवसात मिळतो. ही तूट घराने भरून काढायची, अशी अपेक्षा होती. प्राथमिक वर्गांसाठी 78 टक्के शाळा पालकांनी शिकवण्यात प्रत्यक्ष भाग घ्यावा असे धरून चालत होत्या. हायस्कूलच्या मुलांबाबतही 43 टक्के शाळांचे तेच म्हणणे होते. पंधरा-सोळा वर्षांचे मूल आपले आपण वेळापत्रक पाळेल, हा विश्वास खुद्द या शाळांनाही पुरता नव्हता. स्टॅनफर्डच्या क्रेडो या संशोधन केंद्राने त्याच वर्षी निष्कर्ष काढला, की ही मुले त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षा वाचनात 72 दिवसांच्या आणि गणितात 180 दिवसांच्या अभ्यासाइतकी मागे पडत होती. 180 दिवस म्हणजे शाळेचे अख्खे वर्ष.

यावर आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. या शाळांत येणारी कितीतरी मुले आधीच अडचणीत असतात. कोणी आजारी, कोणी वर्गातल्या छळाला कंटाळलेले, कोणी शाळा सोडायच्या बेतात. अशा मुलांची तुलना सुखाने शिकणाऱ्यांशी करणे अन्यायाचे होईल. क्रेडोने आधीचे गुण आणि घरची परिस्थिती जुळवून तुलना केली होती, तरी घरातला त्रास आणि मनावरचा ताण गुणांच्या रकान्यात येत नाही, हे मान्य करायला हवे. पण त्यामुळे माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. खचलेल्या किशोरवयीन मुलाला शेजारी माणूस जास्तच लागते. ज्या घरात आई किंवा वडील दिवसभर घरी राहू शकतात, तिथे ही शाळा मुलाला तारते, आणि तशी घरे खरोखर आहेत. पालक दोन पाळ्यांत राबतात त्या घरात तेच मूल पडद्यासमोर एकटे उरते.

दुसरा आक्षेप पैशाचा: आम्हीही कर भरतो, मग आमच्या मुलाचा वाटा आम्हाला का नको? वाटा जरूर मिळावा. प्रश्न आहे तो कुठे मुरला याचा. शुल्क ठरते ते मूळ जिल्ह्याच्या खर्चावरून, ऑनलाइन शिकवायला किती लागले यावरून नव्हे. राज्याच्या महालेखापरीक्षकांनी 2025 साली पाच सायबर शाळांचे हिशेब तपासले, तेव्हा त्यांची एकत्रित शिल्लक 2020 मधील 25 कोटी 40 लाख डॉलरवरून 2023 पर्यंत 61 कोटी 90 लाखांवर गेलेली आढळली. करोनाच्या साथीत विद्यार्थी झपाट्याने वाढले होते, हे त्यामागचे मोठे कारण. मिडलँडचे ट्रॉम्बेटा तर शाळेच्या पैशाशी निगडित करचुकवेगिरीच्या कटात दोषी ठरून 2018 साली 20 महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा घेऊन बसले. एका माणसाच्या गुन्ह्यावरून सगळी पद्धत जोखू नये. तरी मुलाच्या शेजारी बसणाऱ्याला काही न देता एवढा पैसा साठू शकत होता, हे या पद्धतीचेच अपयश आहे.

घरातले श्रम सरकारला मोजता येणार नाहीत, असेही म्हटले जाते. पण निदान त्यांची दखल घेता येते, हे ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून दिसते. ऑस्ट्रेलियात वस्तीपासून फार दूर राहणाऱ्या मुलांना 1951 पासून ॲलिस स्प्रिंग्जची ‘स्कूल ऑफ द एअर’ रेडिओवरून शिकवू लागली. तिथे मुलाजवळ बसून धडे करून घेणारी व्यक्ती, बहुतेकदा आई, ‘होम ट्यूटर’ या नावाने ओळखली जाते आणि शाळा तिला धरूनच आपले काम आखते. अशा कुटुंबांना दूरशिक्षणाच्या खर्चासाठी केंद्र सरकार भत्ताही देते. तो पगार नव्हे आणि त्या माणसाच्या वेळेची भरपाई तर नाहीच. पण ते माणूस तिथे बसलेले आहे, हे सरकारी कागदावर आले. पेन्सिल्व्हेनियातल्या सायबर शाळेच्या शुल्काच्या सूत्रात त्याच्यासाठी एकही रकाना नाही.