चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध

दिवाळीच्या अंकात शाळेतल्या निबंधाची गोष्ट काढली, की फराळाच्या ताटात कारले वाढल्यासारखे वाचकांना वाटेल, हे मी जाणून आहे. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कोकणात पायाखाली कारीट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावल्याखेरीज गोडाकडे वळत नाहीत. ही रीत आपलीच आहे. तेव्हा आजचा हा रस तेवढा गोड मानून घ्यावा.

मी शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. इतिहासाचा पंडित नव्हे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी सातवीच्या वर्गाला मी निबंध घातला. विषय होता ‘पूर्वग्रह’. मी तीन लिखाणे वाचून दाखवावीत, मुलांनी ती ताडून पाहावीत आणि शेवटी स्वतःचे चार शब्द लिहावेत, असे ठरले.

पहिले लिखाण मुळात शाळकरी मुलीचाच निबंध होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्यांच्या मुलांमुलींसाठीही शाळा सुरू केल्या. या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ पत्रात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला.

काय होते त्या निबंधात? वेद आमच्यासाठी नाहीत, ते आम्ही पाहायचेसुद्धा नाहीत, तर मग आम्ही धर्मावाचूनच उरलो ना, असा सरळ सवाल तिने केला. बाजीरावाच्या अमदानीत तालमीपुढून मांग-महार गेला, तर त्याचे मस्तक तोडून गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखे खेळत, असे तिने लिहिले. लंगड्या गाढवाला मारले तरी त्याचा धनी भांडायला येतो. मांग-महाराला मारू नका म्हणणारा कोण होता, असे विचारले. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांचे हाल सांगितले.

पेशवाई बुडाली १८१८ साली. मुक्ताचा जन्म त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी झालेला. म्हणजे हे तिने पाहिलेले नव्हे. घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलेले. पेशवाईच्या वैभवाची वर्णने बखरींतून आणि दप्तरांतून पुष्कळ सापडतात. पण गावकुसाबाहेर त्या राज्याची कोणती आठवण उरली होती, ते या पोरीच्या वहीतून कळते. ऐकीव गोष्टी पारखून घ्याव्यात, हे खरे; पण पिढ्यान् पिढ्या उरलेली धास्ती हाही इतिहासच होय.

मला सर्वांत मोठे वाटते ते तिचे आणखी एक धाडस. ब्राह्मणांना बोल लावून ती थांबली नाही. महारही मांगांना हलके लेखतात, त्यांच्या सावलीचा विटाळ मानतात, हेही तिने लिहिले. आणि शेवटी आपल्याच लोकांना विनविले, की शिका. विद्या हेच या दुखण्यावरचे औषध आहे.

दुसरे लिखाण ताराबाई शिंदे यांचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल १८८१ साली शिक्षा झाली आणि साऱ्या स्त्रीजातीवर शिंतोडे उडू लागले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. १८८२ साली ती पुण्यात छापली गेली. स्त्रीच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन, तो पुरुषात नाही काय, असे त्यांनी रोखठोक विचारले. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा उजेडात आणले.

तिसरी डॉ. आंबेडकरांची आठवण. साल १९०१. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. ‘महार’ हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही नेईनात. अखेर एक तयार झाला, पण मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. जवळ भाकर होती, पण पाणी मिळाले नाही. मुले रात्रभर उपाशी राहिली.

मुलांच्या वह्या आल्या. बहुतेकांनी लिहिले, की मुक्ता वाद घालते, ताराबाई उलट विचारतात, आंबेडकर नुसते सांगतात. हे मीच वर्गात बोललो होतो. एका वहीवर मात्र मी थबकलो. मागच्या बाकावर बसणारी मुलगी. आई शिंदीच्या पात्यांच्या केरसुण्या बांधून बाजारात विकते. तिने लिहिले होते : “लक्ष्मीपूजनाला लोक केरसुणीला हळदकुंकू वाहतात. पण केरसुणीचे पैसे माझ्या आईच्या हातावर वरून टाकतात.”

मी तिला बोलावून विचारले, “खरं सांग पोरी, हे तुला कुणी लिहून दिलं?”

“कुणी नाही, गुरुजी. आमच्या घरात लिहिता येणारी मी एकटीच आहे.”

मी वरमलो. मुक्ताचा निबंध पहिल्यांदा वाचताना, हे एवढ्याशा मुलीचे नसावे, मास्तरांनी सांगितलेले असावे, असेच माझ्या मनात आले होते. पहिल्या बाकावरच्या वकिलाच्या मुलाची वही याहून सफाईदार होती. त्याला मी काही विचारले नव्हते. पूर्वग्रहाचा धडा शिकवणाऱ्याच्या पदरातच तो बांधलेला होता, आणि गाठ सोडली ती विद्यार्थिनीने.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी तिची क्षमा मागितली आणि निबंध तिच्याकडूनच वाचून घेतला. ती खाली मान घालून वाचत होती. मुले ऐकत होती.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बाजारात गेलो. तिच्या आईकडून केरसुणी घेतली. पैसे देताना माझा हात सवयीने वरच थांबला. क्षणभरच, पण थांबला. मग मी तो खाली नेऊन पैसे तिच्या तळहातावर ठेवले.

वाचकहो, या दिवाळीत केरसुणीला कुंकू लावाल, तेव्हा आपला हात कुठे थांबतो, तेवढे पाहा.