ग्रामीण रस्त्यांची सुरक्षितता : निधी कोठून येतो आणि कोठे अडतो?

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, तापीच्या खोऱ्यात वसलेला बुऱ्हाणपूर जिल्हा जळगाव, बुलढाणा आणि अमरावती या महाराष्ट्रातील जिल्ह्यांना लागून आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड अर्थात खंडवा जिल्ह्यातून तो वेगळा करण्यात आला. बुऱ्हाणपूर आणि खकनार हे त्याचे दोन विकासखंड असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ७,५७,८४७ होती. एकीकडे तापीकाठची केळीची शेती, तर दुसरीकडे सातपुड्यातील आदिवासी पाडे अशी या जिल्ह्याची दुहेरी रचना आहे. मालमोटार, ट्रॅक्टर-ट्रॉली, मोटारसायकल, बैलगाडी आणि शाळकरी मुले यांना गावाकडचा एकच अरुंद रस्ता वापरावा लागतो. त्या रस्त्याच्या सुरक्षिततेचा खर्च कोण करतो, हा येथील रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे.

निधीचे मूळ

ग्रामीण रस्त्यांसाठीचा सर्वांत मोठा निधी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून येतो. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या या योजनेत सपाट प्रदेशातील ५०० आणि डोंगराळ, वाळवंटी वा आदिवासी भागातील २५० लोकवस्तीची गावे बारमाही रस्त्याने जोडण्याचे उद्दिष्ट होते. केंद्रीय रस्ते निधी अधिनियम, २००० अन्वये डिझेलवरील उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी राखला गेला. प्रारंभी संपूर्ण खर्च केंद्राचा होता. २०१५-१६ पासून तो केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के असा विभागला गेला. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९० आणि १० आहे.

२०१९ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात १,२५,००० किलोमीटर रस्त्यांच्या सुधारणेसाठी ८०,२५० कोटी रुपयांची तरतूद झाली. सप्टेंबर २०२४ मधील चौथ्या टप्प्यात २५,००० वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्ते आणि ७०,१२५ कोटी रुपये मंजूर झाले, त्यांपैकी ४९,०८७.५० कोटी केंद्राचे आहेत.

केंद्राच्या निकषात न बसणाऱ्या लहान गावांसाठी मध्य प्रदेशाने २०१० मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आखली. तिचे रस्ते आरंभी मुरूम-खडीचे होते. त्यांतील सुमारे १०,००० किलोमीटरचे डांबरीकरण करण्यासाठी २०१८ मध्ये जागतिक बँकेकडून २१ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला. आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेनेही १४ कोटी डॉलर दिले. या प्रकल्पात अपघातांची शास्त्रशुद्ध नोंद ठेवणे आणि रस्ते सुरक्षेचे प्रशिक्षण यांचाही अंतर्भाव करण्यात आला.

डांबरासोबत येणारा वेग

ग्रामीण रस्त्याचा डांबरी पट्टा साधारणतः ३.७५ मीटर आणि साइडपट्ट्यांसह एकूण रुंदी ७.५ मीटर धरली जाते. सपाट भागात त्याची आखणी ताशी ५० किलोमीटर, तर पहाडी भागात केवळ २५ किलोमीटर वेगासाठी असते. मालमोटारीची रुंदी सुमारे अडीच मीटर. म्हणजे दोन वाहने समोरासमोर आली की एकाला साइडपट्टीवर उतरावेच लागते. पावसाने ती खचली असेल, तर मोटारसायकलस्वाराला उतरायला जागाच उरत नाही. कच्च्या वाटेवर खड्डेच वेगाला आळा घालीत. डांबर आले आणि तो आळा संपला.

आकडे हेच सांगतात. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील होते. राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग वगळता ‘इतर रस्त्यां’वरचा वाटा ३९ टक्क्यांहून अधिक होता. त्याच वर्षी मध्य प्रदेशात १३,४२७ जण दगावले.

निधी कोठे अडतो?

पहिली अडचण व्याख्येची. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटर लांबीच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू झाले, तर ते स्थळ अपघातप्रवण ठरते व दुरुस्तीच्या यादीत येते. ग्रामीण रस्त्यावरील मृत्यू विखुरलेले असतात. आज एका वळणावर, सहा महिन्यांनी दुसऱ्या मोरीवर. एकही जागा निकषात बसत नाही. परंतु घरे उजाड होतच राहतात.

दुसरी अडचण देखभालीची. ग्रामसडक योजनेत बांधणीनंतर पाच वर्षे देखभाल कंत्राटदाराकडेच असते. त्यानंतर भार राज्यावर येतो. पुसट पट्टे, मोडलेले फलक आणि तुटलेले कठडे यांची पाळी तेव्हा खड्ड्यांनंतर येते.

सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात जिल्हा रस्ता सुरक्षा समित्या, राज्यांचा रस्ता सुरक्षा निधी आणि पाच किलोमीटर वा अधिक लांबीच्या नव्या प्रकल्पांचे सुरक्षा परीक्षण यांविषयी निर्देश दिले. गावाला हमरस्त्याशी जोडणारे दोन-तीन किलोमीटरचे रस्ते मात्र या मर्यादेखालीच राहतात. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ च्या कलम १९८-अ नुसार सुरक्षा मानके न पाळणाऱ्या कंत्राटदारास वा जबाबदार यंत्रणेस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्यासाठी कुणीतरी नोंद घेऊन तक्रार करावी लागते.

ग्रामसभेच्या हाती काय?

पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ४० टक्के रक्कम पंचायतींना अबंधित स्वरूपात मिळाली. वळणावरची झुडपे तोडणे, शाळेजवळ गतिरोधक व फलक, मोरीच्या कठड्याला परावर्तक रंग अशा कामांना कोट्यवधी लागत नाहीत; लागतो तो ठराव आणि रस्त्याच्या मालक यंत्रणेची संमती. मोठी कामे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे पाठविता येतात. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची तक्रार ‘मेरी सडक’ या ॲपवर छायाचित्रासह नोंदविता येते.

बुऱ्हाणपूरला या मार्गाचा अनुभव आहे. जुलै २०२२ मध्ये तो देशातील पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला, तो २५४ गावांच्या ग्रामसभांनी घरोघरच्या नळाची खातरजमा केल्यावर. ज्या ग्रामसभेने नळ मोजले, तिला धोक्याची वळणे मोजणे अवघड नाही.

गोव्यासारख्या लहान राज्यात बहुतेक गावे रस्त्याने केव्हाच जोडली गेली आहेत. तेथे नव्या रस्त्यापेक्षा असलेला रस्ता सुरक्षित करणे हाच मुख्य प्रश्न उरतो. जोडणी पूर्ण होत आलेल्या प्रत्येक जिल्ह्यात उद्या हीच स्थिती असेल. म्हणून अंदाजपत्रक करतानाच सुरक्षिततेचा खर्च वेगळा दाखविला गेला पाहिजे. रस्ता किती किलोमीटर झाला याची नोंद कार्यालयात राहते. त्यावरून माणूस सुखरूप घरी पोहोचला की नाही, याचीही नोंद तेथेच व्हायला हवी.