हातभट्टी आणि छंद

हातमाग, हातकागद, हातसडीचा तांदूळ : मराठीत ‘हात’ हे पूर्वपद लागले की वस्तूची प्रतिष्ठा वाढते. अपवाद ‘हातभट्टी’चा. तो शब्द उच्चारताच छापा, फुगे आणि पंचनामा डोळ्यांपुढे येतात. विल्यम कॉबेटचे ‘कॉटेज इकॉनमी’ पुन्हा वाचताना आम्ही या शब्दापाशी अडखळलो, कारण घरी बिअर करण्याच्या कृतीला मराठीत साजेसे क्रियापदच मिळेना. ‘गाळणे’ हे ऊर्ध्वपातनाचे. बिअर तर आंबवण्यापाशीच थांबते. नुसते ‘आंबवणे’ म्हणावे तर इडलीचे पीठ आठवते. असो.

कॉबेटचे पुस्तक १८२१-२२ मध्ये भागाभागांनी निघाले, आणि मजुराच्या संसाराचा हा पाठ पाव किंवा गाय यांपासून नव्हे, तर बिअरपासून सुरू होतो. चाळीस वर्षांपूर्वी घरोघर बिअर होत असे, आता तीच माणसे चहा पितात, आणि याचा दोष माल्टवरील व हॉप्सवरील करांकडे जातो, असे त्याचे म्हणणे. चहावर त्याने झोडलेले आसूड आज हास्यास्पद वाटतात. चहाच्या गप्पांतून मुली वाममार्गाला लागतात, इथपर्यंत त्याची मजल जाते. पण त्याचा हिशेब कच्चा नाही. वर्षाकाठी चहाला किती पैसे लागतात, पाणी उकळण्यात किती वेळ जातो, त्यापुढे बिअरचा खर्च किती, हे तो गृहिणीच्या काटेकोरपणाने मांडतो. रसिकता, चव, हौस यांना त्यात जागाच नाही. भाकरी थापावी तशी बिअर करावी.

हे काम मुळात बायकांचे होते. ‘ब्रूस्टर’ या इंग्रजी शब्दातला अंत्य प्रत्यय त्याचीच खूण आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये हा व्यवसाय मुख्यतः स्त्रियांच्या हाती होता आणि १६०० च्या सुमारास तो बहुतांशी पुरुषांकडे गेला, हे ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. घरातली चूल तेवढी उरली होती. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर रद्द करून तो बिअरवर आणला. कॉबेट हयात असता तर त्याला आनंद झाला असता, पण क्षणभरच; कारण त्याच कायद्याने घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागू लागला.

हा परवाना गेला तो १९६३ मध्ये, रेजिनल्ड मॉडलिंगच्या अर्थसंकल्पात. मधल्या काळात घरगुती वाइनने मात्र तग धरला होता. १९५३ मध्ये साखरेचे रेशनिंग संपले, आणि एल्डरफ्लॉवर, डँडेलियन, पार्स्निप अशा फुलामुळांच्या वाइनला पुन्हा बहर आला. सी. जे. जे. बेरी यांचे ‘फर्स्ट स्टेप्स इन वाइनमेकिंग’ १९६० चे. काचेची गॅलनभराची बरणी, तिच्या तोंडावर पाणी भरलेली वाकडी नळी, वायू बुडबुडत बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही : इतक्या साध्या सामग्रीवर हौशी मंडळांचे एक जगच उभे राहिले. आजीच्या पाककृती आता स्पर्धेत गुण मिळवू लागल्या. आमच्या मते इथेच खरी कलाटणी आहे. जोवर गरिबाला या कामाची गरज होती तोवर त्यावर कर आणि परवाना होता. गरज संपली तेव्हा मोकळीक मिळाली, आणि काम ‘छंद’ झाले.

हीच कर-यंत्रणा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या झाडापर्यंत पोहोचली होती. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा, आणि १८९२ च्या कायद्याने या दोन जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आणले. ही फुले आदिवासींचे अन्नही होती. शेजारच्या दक्षिण गुजरातविषयीच्या डेव्हिड हार्डिमन यांच्या १९८५ च्या निबंधाचे शीर्षकच रूढीपासून गुन्ह्यापर्यंतचा प्रवास सांगते.

तुलना ताणू नये, हे आम्हांला मान्य आहे. मोहाची दारू ऊर्ध्वपातित, आणि ते स्वातंत्र्य १९६३ ने इंग्रजांनाही दिले नाही. शिवाय दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मराठी सुधारकांनी डोळ्यांनी पाहिली होती. २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने गेली. त्या दारूत मिथेनॉल होते, आणि मृत बहुतेक गरीब वस्तीतले होते. १९४९ चा दारूबंदी कायदा, नाव बदलून, महाराष्ट्रात आजही लागू आहे.

तरीही कॉबेटच्या मजुराची बायको आम्हांला एका उत्तम गद्यग्रंथातून भेटते, तिची भांडी आणि तिचा हिशेब यांसह. ठाण्याच्या जंगलात फुले वेचणारी तिची समकालीन भेटते ती बहुधा अबकारी खात्याच्या कागदांत, आरोपी म्हणून.